प्रहसनातला तिरसट बाप कसा उभा करावा

युवक महोत्सवांतल्या प्रहसनांत आणि तालुक्याच्या गावी होणाऱ्या एकांकिकांत तिरसट बाप हमखास असतो. पण बहुतेक वेळा तो नुसता ओरडतो आणि दुसऱ्या प्रवेशापर्यंत प्रेक्षक त्याला कंटाळतात. हे टाळण्यासाठी लेखनापूर्वी ‘ऑल इन द फॅमिली’ या अमेरिकी मालिकेतला आर्ची बंकर नीट पाहावा. नॉर्मन लियर यांची ही मालिका १९७१ ते १९७९ या काळात चालली. कॅरोल ओ’कॉनर यांनी साकारलेला हा मालधक्क्यावरचा मुकादम कृष्णवर्णीयांपासून स्त्रीमुक्तीपर्यंत सगळ्यांवर खेकसतो, परंतु आपल्या ओळखीचे जग हातातून निसटते आहे ही भीती त्याच्या खेकसण्यामागे सतत जाणवते.

म्हणून आधी रागाचे कारण ठरवावे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. तो उन्हाळा काढलेला बाप सुनेने नळ चालू ठेवून भांडी घासताच का खवळतो, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. हे कारण त्याच्या तोंडी भाषणासारखे घालू नये. त्याने नळ बंद करावा, बादल्या मोजाव्यात, एवढे पुरे.

त्याला हक्काची जागाही द्यावी. आर्चीची खुर्ची आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपल्या बापाला ओसरीवरची बाज द्यावी आणि तिच्यावर दुसऱ्या कोणाला तरी बसवावे.

खरा कस लागतो तो समोरच्या पात्रांत. आर्ची आपल्याच घरात राहणाऱ्या जावयाला तोंडावर ‘मीटहेड’, म्हणजे मठ्ठ, म्हणतो. मराठवाड्यात जावयाचा मान आड येतो, त्यामुळे ही नक्कल इथे खोटी वाटेल, उलट बापाने दात आवळून “जावईबापू, बसा की” म्हणावे आणि जावई आत जाताच “तू काय बघायलीस?” म्हणत सगळा राग बायकोवर काढावा. माझ्या मते आपल्याकडचा विनोद याच कोंडमाऱ्यातून सर्वांत जास्त निघतो. मात्र बायकोला गरीब गाय करू नये. ‘साइनफेल्ड’ या अमेरिकी विनोदी मालिकेत बापाचे काम करणाऱ्या जेरी स्टिलर यांना पडद्यावरच्या बायकोसमोर आधी दबून वागायला सांगितले होते, ते तिच्यावर उलट ओरडले तेव्हाच त्यांचा फ्रँक कोस्टँझा हा बाप जमला. दोघेही माघार घेत नाहीत, तेव्हा भांडण रंगते.

बोली हसण्यासाठी ताणू नये, “काय करायलास रे?” हे घरात म्हणतात तसेच म्हणावे. शेवटच्या प्रवेशात बापाला रडवून सुधारण्याचा मोह टाळावा, कारण त्यामुळे आधीचा त्याचा सगळा हट्ट खोटा ठरतो. तालमीत त्याचे सर्व संवाद एकदा हळू आवाजात म्हणून पाहावेत. तरीही हसू आले तर लेखन पक्के आहे; न आल्यास संवाद बदलावा, आवाज वाढवू नये.