३५ मिनिटांच्या तासातली ४ मिनिटं

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक उद्योग केला. सातवी ब चा पी.टी.चा तास होता. वर्गातली एक मुलगी मनात धरली, तिला कळू दिलं नाही, आणि ती प्रत्यक्ष हलते तेवढाच वेळ स्टॉपवॉच चालू ठेवलं. पळाली की सुरू, थांबली की बंद. वर्गातून मैदानावर यायला पाच-सहा मिनिटं गेली. मग हजेरी, रांग, सावधान-विश्राम. मग मी खो-खोचा एक नियम समजावून सांगितला, फार छान सांगितला असं मला वाटत होतं. मग खेळ. घंटा झाली तेव्हा घड्याळात ४ मिनिटं १० सेकंद होती. त्यातला निम्मा वेळ ती मैत्रिणीमागे पाणी प्यायला धावली होती.

तोपर्यंत मी स्वतःला बरी शिक्षिका समजत होते. माझ्या खो-खोच्या मुली तालुक्याला पहिल्या आल्या होत्या, ऑफिसात ढाल होती.

तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत चौदा वर्षं मी सहावी ते आठवीला शारीरिक शिक्षण शिकवते. मुलं 'पी.टी.च्या बाई' म्हणतात. बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची पदवी) करणारी किंवा नुकती रुजू झालेली मुलंमुली अधूनमधून फोन करतात, "ताई, काय तयारी करू?" म्हणून. दर वेळी तेच ते सांगते, म्हणून एकदाचं लिहूनच काढलं.

माझ्या वेळी बी.पी.एड. एका वर्षाचं होतं, २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालंय. प्रवेशाला सीईटी असते आणि तिच्यात मैदानी चाचणीही असते, त्यामुळे नुसता अभ्यास करून भागत नाही. तिथे शरीररचना, मानसशास्त्र, मैदानांची मापं, पाठ कसा घ्यायचा हे सगळं शिकवतात, आणि ते उपयोगी पडतं. पण सुरुवातीच्या पाठांना समोर तुमचेच वर्गमित्र असतात. शिट्टी वाजली की तीसच्या तीस जण थांबतात. सातवी ब थांबत नाही.

नोकरीचं आधीच सांगते, नंतर तक्रार नको. शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असं म्हटलंय. अंशकालीन हा शब्द नीट वाचा. पूर्ण वेळची जागा संचमान्यतेत, म्हणजे पटावरून सरकार शाळेला जेवढे शिक्षक मंजूर करतं त्यात, बसली तर मिळते. बरेच जण आधी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पगारावर, लागतात आणि वाट बघतात. दरम्यान तुमच्या खेळाची पंच परीक्षा देऊन ठेवा. स्पर्धांना पंच म्हणून गेलात की चार पैसे मिळतात, आणि दुसऱ्या शाळा काय करतात ते फुकटात बघायला मिळतं.

आता पुन्हा त्या चार मिनिटांकडे. त्या रात्री मी वहीवर हिशोब मांडला. खो-खोत एक पाठलाग करणारा, आठ जण बसलेले आणि समोरचे तीन पळणारे. म्हणजे २७ बाय १६ मीटरच्या मैदानात बारा जण. त्यातले आठ बसलेले, म्हणजे खरे पळतात चौघं. माझ्या वर्गात पोरं चौसष्ट. उरलेल्या बावन्न जणांना मी "कडेला बसा आणि बघा" म्हणत होते. कबड्डीचंही तसंच. सात-सात चौदा मैदानात, चढाई करणारा एक. संघाचे खेळ वाईट नाहीत, मी त्यांच्यावरच वाढले. पण सामना हा तासाचा आराखडा होऊ शकत नाही, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

मग मी मैदानाचे तुकडे पाडायला लागले. फक्कीने, म्हणजे मैदान आखायच्या पांढऱ्या पुडीने, सहा मोठे गोल आखायचे. (फक्कीच वापरा. पहिल्या वर्षी शिपाईमामांनी स्वस्तात पडतो म्हणून कळीचा चुना दिला, मीही मारला. एकाच्या डोळ्यात गेला असता म्हणजे?) प्रत्येक गोलात दहा-अकरा जण, एकाने लंगडी घालायची, बाकीच्यांनी चुकवायचं. इथे खरी मेख बाद होण्याची आहे. बाद झालेला बाहेर बसतो हा आपल्या सगळ्या खेळांचा नियम, आणि सगळ्यात आधी बाद होतो तो जाडसर किंवा हळू पळणारा, म्हणजे ज्याला हालचालीची गरज सगळ्यात जास्त तोच. म्हणून माझ्याकडे बाद झालेला शेजारच्या गोलात जाऊन खेळतो. तिथे बाद झाला की पुढच्या गोलात. फिरत राहतो, बसत नाही. एका मुलाने एका तासात सहाही गोल फिरून दाखवले आणि मोठ्या अभिमानाने येऊन सांगितलं, "बाई, मी सगळीकडं आऊट झालो!"

तसंच रांगांचं. रिले घ्यायची तर दहा-बारा जणांच्या सहा रांगा नकोत, चार-चार जणांच्या सोळा करा. गोंधळ दिसतो, खरंय. मुख्याध्यापक खिडकीतून बघतात आणि त्यांना वाटतं वर्ग हाताबाहेर गेलाय. त्यांना एकदा मैदानावर बोलावून, घड्याळ हातात देऊन एखाद्या पोरावर नजर ठेवायला सांगा. मी सांगितलं होतं. त्यानंतर खिडकी बंद असते.

सामान नाही ही रड मी चार वर्षं रडले. दोन व्हॉलीबॉल, त्यातला एक पंक्चर. मग जुन्या मोज्यांत चिंध्या कोंबून पोरांकडूनच चेंडू करून घेतले, चाळीस झाले. ते लागत नाहीत, त्यामुळे चेंडूला घाबरणारी पोरंही झेलायला हात पुढे करतात. सायकलचे जुने टायर पंक्चरवाल्याकडून मिळतात. सुतळी, विटा, ओढण्या, काहीही चालतं.

उभं कुठे राहायचं हे कोणी शिकवत नाही. ऊन मुलांच्या पाठीवर आणि तुमच्या तोंडावर असं उभं राहा. पोरांच्या डोळ्यांवर ऊन आलं की ती तुमच्याकडे बघतच नाहीत. शिट्टी फक्त थांबवण्यासाठी. चालू करायला तोंड वापरा. सारखी शिट्टी फुंकणाऱ्याची शिट्टी आठवड्याभरात कोणी ऐकत नाही.

आणि दोन कप्तान पुढे बोलावून "आपापली माणसं निवडा" हे कधी करू नका. शेवटी उरलेलं पोर सगळ्या वर्गासमोर उभं असतं आणि दोन्ही कप्तान "तू घे, तू घे" करतात. जन्ममहिन्यावरून गट पाडा, उंचीवरून पाडा, काहीही करा.

सहावी ते आठवी हे वय विचित्र असतं. सहावी-सातवीत मुली भराभर वाढतात, मुलं नंतर. एकाच रांगेत पाच फूट दोन इंचांची मुलगी आणि तिच्या खांद्याला लागणारा मुलगा. हात-पाय अचानक लांब झालेले, त्यांना आपलेच पाय सावरत नाहीत. गेल्या वर्षी उत्तम सूर मारणारा पोरगा यंदा खांबाला धडकतो. आळस नसतो तो. टाच दुखते, गुडघ्याच्या खाली टेंगूळ येऊन दुखतं अशी तक्रार या वयात खूप येते. वाढत्या हाडाला जिथे स्नायू जोडलेला असतो ती जागा अजून कच्ची असते, तिला ताण सहन होत नाही. मी सुरुवातीला अशांना "नाटकं करू नकोस" म्हटलंय. आता उड्या बंद करायला लावते, कमी झालं नाही तर डॉक्टरकडे पाठवते.

मुलींचं थोडं सविस्तर सांगते. सातवीची एक मुलगी दर तासाला लिंबाखाली वही घेऊन बसायची. "बाई, बरं नाही." महिनाभर मी ऐकून घेतलं, मग चिडले, मग एकदा शेजारी जाऊन बसले. ती काही बोलली नाही. बोलली तिची मैत्रीण: "बाई, तिचा स्कर्ट आखूड झालाय." एवढंच होतं. घरून नवा गणवेश दिवाळीनंतर मिळणार होता आणि पळताना मुलं हसतात म्हणून तिने पळणंच सोडलं होतं. मी पालकसभेत विषय काढला, पी.टी.च्या दिवशी मुलींना ट्रॅकपँट चालेल असं मंजूर करून घेतलं. दोन-तीन पालक कुरकुरले. पुढच्या आठवड्यात लिंबाखाली बसणाऱ्या नऊपैकी दोघीच उरल्या. तेव्हापासून माझ्या प्रथमोपचार पेटीत सेफ्टी पिना आणि पॅड कायम असतात, आणि पेटी कुठे असते ते मुलींना माहीत असतं, मागायला लागत नाही. पाळीच्या दिवसांत खेळावं की नाही हे मुलीने ठरवायचं. खेळायचं म्हणाली तर अडवू नका, नको म्हणाली तर कारण विचारू नका. पुरुष शिक्षकांनो, तुम्ही एखाद्या बाईंना मदतीला घ्या, पण विषय टाळू नका.

पेटीवरून आठवलं. नाकातून रक्त आलं की आपल्याकडे पोराचं डोकं मागे करतात आणि पाणी ओततात. डोकं किंचित पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. पक्का दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता तो दुधात टाका आणि लगेच दंतवैद्याकडे पळा, तो पुन्हा बसू शकतो. डोक्याला मार लागलेलं पोर "बरंय" म्हणालं तरी त्या दिवशी पुन्हा खेळवू नका. निखळलेला सांधा ओढून बसवणारा एक तरी जाणकार प्रत्येक गावात असतो, त्याला लांब ठेवा. मार्चनंतर पळणं सकाळीच, आणि पाण्याला मध्येच सुट्टी द्या.

शिक्षा म्हणून उठाबशा किंवा मैदानाला फेऱ्या देऊ नका. शारीरिक शिक्षेला कायद्याने बंदी आहेच. पण कायदा नसता तरी, जी गोष्ट पोरांनी आयुष्यभर आवडीने करावी असं आपल्याला वाटतं तीच आपण शिक्षा म्हणून वापरतो, हे मला कळत नाही. स्टाफरूममधले लोक मात्र "पी.टी.च्या बाईंकडे पाठवीन हं" अशी धमकी देतात. आमच्या इथल्या दोघांना मी चहा पाजून सांगितलं की माझ्या नावाने पोरांना भिववू नका.

स्टाफरूमचंच आणखी एक. परीक्षा जवळ आली की गणिताचे सर येणार, "मॅडम, आजचा तास मला द्या, पोर्शन राहिलाय." पहिली तीन वर्षं मी दिले. आता म्हणते, "घ्या ना सर, पुढच्या सोमवारचा तुमचा मला द्या." वेळापत्रकाच्या तक्त्यावर पेन्सिलीने लिहूनच ठेवते. मागणं निम्म्यावर आलंय. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आमच्या वेळापत्रकात आठवड्याला तीन तास, ते असे उसने गेले की काय उरतं? याशिवाय प्रार्थनेची रांग, सव्वीस जानेवारीचं संचलन, लेझीम, स्नेहसंमेलनाचा मंडप, पाहुण्यांची बैठक आणि बिननावाचं प्रत्येक काम तुमच्याकडे येणार. त्यातून सुटका नाही, मला तरी सापडलेली नाही.

स्पर्धांबद्दल थोडक्यात, कारण त्यात तुम्ही आपसूक पडताच. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. आपली पोरं बहुतेक पहिल्या गटात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरी. तालुक्याचे सामने ऐन पावसाळ्यात येतात, मैदानाचा चिखल होतो, बुटांपेक्षा अनवाणी पोरं बरी पळतात. जन्मतारखेचा पुरावा, जनरल रजिस्टरचा उतारा आणि फोटो जूनमध्येच एका फाइलला लावून ठेवा. वय कमी दाखवा म्हणणारे पालक येतील, कधी शाळेतलंच कोणी सुचवेल. करू नका. एकदा आमच्याविरुद्धच्या संघात मिशा फुटलेला मुलगा होता, माझ्या पोरांनी हरताना त्याला 'काका' म्हणायला सुरुवात केली आणि मला हसू आवरेना. बाहेरगावी जाताना प्रत्येक पालकाची संमतीची सही घ्या, आणि टेम्पोत कोंबून नेण्यापेक्षा एस.टी. बरी.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्रातले. "खो-खोत काय ठेवलंय" म्हणणारे पालक तेव्हापासून जरा गप्प आहेत. दुसऱ्या आठवड्यात संघात घ्या म्हणून ऐंशी पोरं आली. संघात जागा बारा. मी बारा निवडले आणि उरलेल्या अडुसष्टांची शनिवारी सकाळी लंगडी सुरू केली. त्यातले वीस-बावीस अजून येतात.

गेल्या महिन्यात पुन्हा घड्याळ लावलं. आठवी अ, जाडसर, शांत मुलगा. १७ मिनिटं २० सेकंद. त्यात दोनदा बुटाची नाडी बांधायला बसला तेव्हा मी बटण दाबायला विसरले, म्हणजे सोळा धरा. मैदानावर यायला अजून सहा मिनिटं लागतात. आमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना एकच.