स्पीकर रिंग अन् पॉडवर रेक्झिन ताणून कसं बसवाचं

भाऊ, गाडीत स्पीकर ज्या गोल रिंगवर नाहीतर उठावदार खोक्यात (पॉड) बसते, त्याले रेक्झिन चढवाचं असलं त आधी रेक्झिन पाहून घ्या, मागं जाळीचं पातळ कापड असलेलं अन् दोन्हीकडून ताणलं जाणारंच पाह्यजे, सोफ्याचं जाड रेक्झिन गोलाईवर बसतच नाही. एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाची) रिंग असो का फायबरचा पॉड, खड्डे लांबीनं (पुट्टीनं) भरून पॉलिश पेपर मारा, कारण वरून बारीक खडा बी दिसते. कडा थोड्या गोल करा अन् पार्ट जिथं बसते तिथं १-२ मिमी जागा सोडा, रेक्झिनची जाडी त्यात जाते.

चिकटवाचं सोल्यूशन दोन्हीकडं पातळ लावाचं, पार्टले बी अन् रेक्झिनच्या मागं बी, मग बोटाले चिकटणार नाही इतकं सुकू द्या. उष्णता सहन करणारंच घ्या बावा, आपल्या अकोला-चंद्रपूरकडं उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जाते अन् बंद गाडी त्याहून तापते, साधं सोल्यूशन असलं त आतल्या गोलाईतून रेक्झिन उचलते. सोल्यूशनचा वास उडेपर्यंत हीट गन (गरम हवा फेकणारं मशीन) लावू नका, वाफ पेट घेते.

चिकटवणं मधातून सुरू करा, हीट गन हलवत ठेवा, नरम झालं का अंगठ्यानं खोलगट भागात आधी दाबा, मग बाहेर ताणा. जास्त तापवलं त रेक्झिनवरचा दाणा (उठावाची नक्षी) सपाट होऊन चमकते, ते काही परत येत नाही. कडेले दोन इंच जास्तीचं ठेवा, मागं वळवा, वळणावर कैचीनं चिरा द्या पण पुढच्या कडेपर्यंत नेऊ नका, अन् स्टेपल मारा. स्क्रूचे भोकं शेवटी टोच्यानं पाडा.