जुना वाडा, जुनी वास्तू: नागपुरात हेरिटेज नियम कसे तपासावे, परवानगी कशी घ्यावी

वास्तू दीडशे वर्षांची आहे, एवढ्यावर कायदा तिला वाचवत नाही. तिचं नाव एखाद्या अधिसूचित यादीत असावं लागतं. शहरातलं कस्तुरचंद पार्क हे मैदान हेरिटेज यादीत ग्रेड 1 मध्ये आहे, म्हणून त्याच्यासाठी उच्च न्यायालयात दाद मागता आली. महाल-इतवारी या जुन्या वस्त्यांतल्या ज्या वाड्यांची नोंदच कुठे नाही, त्यांना पाडायची परवानगी निघाली की विषय संपला. म्हणून वाडा तुमचा असो की शेजारचा, आधी यादी पाहा.

कोणती यादी लागू आहे ते शोधा

याद्या तीन प्रकारच्या असतात. केंद्र संरक्षित स्मारकं 1958 च्या कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतात आणि राज्य संरक्षित स्मारकं 1960 च्या कायद्याखाली राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. तिसरी शहराची हेरिटेज यादी. तिचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना (एमआरटीपी) कायदा, 1966 आणि त्याखालची विकास नियंत्रण नियमावली. शहरातली वास्तू असेल तर बहुतेक वेळा प्रश्न या तिसऱ्या यादीचाच असतो, आणि तिची चौकशी महापालिकेच्या नगररचना विभागात करायची.

जाताना आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) सोबत ठेवा. यादीत वास्तूचं नाव बरेचदा जुन्या मालकाच्या नावाने असतं, म्हणून नावावर विसंबू नका. मौजा आणि नगर भूमापन क्रमांक जुळवून पाहा. जागा कोणाच्या हद्दीत येते तेही विचारा. महापालिका, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) की एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), हे ठरल्याशिवाय अर्ज कुठे द्यायचा ते कळत नाही आणि फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते. जमीन नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची असेल तर भाडेपट्ट्याच्या अटीही वाचून घ्या. उत्तर लेखी मागा. मिळालं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. त्याचं उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.

ग्रेड समजून घ्या

ग्रेड 1 म्हणजे राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वास्तू. तिथे आतून-बाहेरून बदल करता येत नाही. वास्तू मजबूत राहावी, तिचं आयुष्य वाढावं यासाठी अगदी आवश्यक तेवढंच काम होतं. आजूबाजूचं बांधकामही तिची शोभा झाकणार नाही असंच असावं लागतं. ग्रेड 2 मध्ये आतले बदल आणि नवा वापर बारकाईने तपासून मान्य होऊ शकतो. ग्रेड 3 मध्ये मोकळीक आणखी जास्त, पण परिसराचा चेहरा जपायची अट आहेच.

यादीत नाव आलं की घर हातचं गेलं, अशी भीती अनेक मालकांना वाटते. ती खरी नाही. मालकी तुमचीच राहते, राहता येतं, नियमात बसेल तर वापरही बदलता येतो. हेरिटेज नियमांमुळे बांधकामाचा हक्क वापरता आला नाही, तर अटींच्या अधीन राहून टीडीआर, म्हणजे तो हक्क दुसऱ्या जागेवर वापरायची मुभा, मागता येतो. तो अर्ज आर्किटेक्टला विचारूनच करा.

शहराबाहेर प्लॉट घेताना

काटोल रोडवरच्या जुनापाणीसारख्या ठिकाणी महापाषाण काळातली शिळावर्तुळं आहेत. मोठमोठ्या दगडांची गोल रचना, मधे मातीचा उंचवटा; शेतात उभ्या माणसाला ते नुसते धोंडे वाटतात. जिल्ह्यात अशी स्थळं बरीच आहेत आणि नागपूर वाढतंय ते त्यांच्याच दिशेने. केंद्र संरक्षित स्थळाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या 200 मीटरमध्ये एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) घेऊनच काम होतं. पहिल्या 100 मीटरमध्ये 16 जून 1992 पूर्वीचं घर असेल, तर दुरुस्तीसाठी परवानगी मागता येते. नियम मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ले-आऊटवाला तोंडी काय सांगतो त्यावर जाऊ नका; इसार देण्याआधी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडे खसरा क्रमांक देऊन लेखी विचारा.

दुरुस्तीची परवानगी

वास्तू शहराच्या यादीत असेल तर अर्ज हेरिटेज संवर्धन समितीकडे जातो आणि तिच्या सल्ल्याने आयुक्त परवानगी देतात. दर्शनी भागावर नवी पाटी किंवा जाहिरात फलक लावायलाही आधी मंजुरी लागते. अर्जासोबत मालकीचे कागद, आर्किटेक्टने काढलेला मोजमापासह नकाशा, सगळ्या बाजूंचे फोटो आणि कामाचं वर्णन द्या.

वर्णनात 'दुरुस्ती' एवढंच लिहून भागत नाही. कोणता खांब, कोणती तुळई, किती फूट भिंत, साहित्य कोणतं, हे लिहा. विटा-चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा अजिबात देऊ नका. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंटमुळे ती आत कोंडते, मग विटा भुसभुशीत होतात आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा पोपड्यासारखा सुटतो. सागवानी खांब खालून कुजला असेल तर तेवढाच भाग कापून सागाचाच जोड देता येतो, तळखडा (खांबाखालचा दगड) जागचा हलवावा लागत नाही. माझ्या मते जुनं घर टिकवणारी खरी माणसं म्हणजे असा जोड बसवणारे सुतार आणि चुना जाणणारे गवंडी. काम द्यायच्या आधी त्यांचं एखादं झालेलं काम प्रत्यक्ष जाऊन पाहा.

धोकादायक इमारतीची नोटीस आली तरी ती हेरिटेजची परवानगी होत नाही. समितीला लगेच लेखी कळवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल जोडा.

यादीत नसलेली वास्तू

आयुक्तांना आणि समितीला प्रस्ताव देता येतो. बांधणीचा काळ, कोणी बांधली, वैशिष्ट्यं काय, आज अवस्था कशी, हे दोन-तीन पानांत मांडा. फोटो, जुने दस्त जोडा. यादीत भर घालताना हरकती-सूचना मागवल्या जातात आणि शासनाची मंजुरी लागते, त्यामुळे वेळ जातो. मालकाला विश्वासात घेऊन प्रस्ताव दिला तर पुढचा विरोध टळतो. वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनांवर लक्ष ठेवा आणि मुदतीत लेखी म्हणणं द्या.

यादीतल्या वास्तूवर विनापरवानगी हातोडा पडताना दिसला तर त्याच दिवशी फोटो काढा आणि झोन कार्यालय, नगररचना विभाग व समिती, तिन्हीकडे तक्रार द्या. तक्रारीत एमआरटीपी कायद्याच्या कलम 54 खाली काम थांबवण्याची नोटीस द्यावी, अशी स्पष्ट मागणी करा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.