कीटकांचं फोकस स्टॅकिंग: कोकणात मॅक्रो टिपताना या चुका टाळा

फोकस स्टॅकिंग म्हणजे वेगवेगळ्या खोलीवर फोकस केलेल्या अनेक फ्रेम सॉफ्टवेअरमध्ये जोडून एकच स्पष्ट चित्र, म्हणजे स्टॅक, बनवणं. तो स्टॅक बिघडला की आपण आधी सॉफ्टवेअरची सेटिंग्ज बदलून बघतो. पण बहुतेक वेळा चूक त्याआधीच घडलेली असते, आंब्याखाली नाहीतर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. जी फ्रेम काढलीच नाही, ती कुठलंही सॉफ्टवेअर तयार करून देत नाही. म्हणून जोडणी सुरू करण्याआधी मूळ फ्रेम पूर्ण झूम करून एकेक नजरेखालून घाला.

डोळ्यावर किंवा पाठीवर धूसर पट्टा

याचा अर्थ दोन फ्रेममधलं अंतर जास्त झालं. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर दुप्पट मॅग्निफिकेशन (सेन्सरवर कीटक खऱ्या आकाराच्या दुप्पट) आणि अ‍ॅपर्चर एफ ५.६ असेल, तर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम पाव मिलिमीटर असते. फ्रेम एकमेकींवर थोड्या चढायला हव्यात, म्हणून रेल (कॅमेरा पुढे-मागे सरकवणारी पट्टी) दर वेळी ०.१५ मिलिमीटरच सरकवा. ओंबील मुंगीचं डोकं आणि छाती मिळून ४ मिलिमीटर खोली धरली, तर सुमारे २७ फ्रेम लागतात. सुरुवात मिशीच्या टोकाच्याही थोडी अलीकडून करा आणि शेवट थोडा पलीकडे.

फ्रेम वाचवायला एफ १६ लावण्याचा मोह टाळाच. दुप्पट मॅग्निफिकेशनला तो प्रत्यक्षात एफ ४८ इतका पडतो आणि विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच चित्र मऊ होतं. ती हरवलेली धार नंतर शार्पनिंगने परत येत नाही.

मिशा दोनाऐवजी चार, पाय सहाऐवजी आठ

कीटक हलला, किंवा तो बसलेलं पान हललं. किनारपट्टीवर याचं वेळापत्रक वाऱ्याच्या हाती असतं. रात्रीचे मतलई वारे पडतात आणि दिवसाचे खारे वारे अजून सुरू व्हायचे असतात, तो सकाळचा निवांत वेळ स्टॅकसाठी सर्वांत चांगला. दव पडलेलं असेल तर चतुर आणि टाचण्याही गारठून स्थिर बसलेल्या असतात. ऊन तापलं की पंख सुकतात, वारा वाढतो. मग स्टॅकचा हट्ट सोडून एकेकच फ्रेम घ्यावी. ओंबिलांच्या घरट्याजवळ तर स्टॅक विसराच, तिथे त्या कधी थांबत नाहीत.

कीटक स्थिर राहावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला अनेक जण देतात. मला तो अजिबात मान्य नाही. पहाटेची थंडी हेच काम करते आणि नंतर तो जीव आपल्या वाटेने उडून जातो.

मिशी दोनदा उमटलीच असेल, तर रीटचिंगमध्ये जिथे ती स्पष्ट आहे अशी एकच फ्रेम निवडा आणि तेवढा भाग तिच्यातून रंगवून घ्या.

पहिल्या दहा-पंधरा फ्रेम धुरकट, पुढच्या ठीक

हे कोकणातलं हमखास दुखणं. एसी खोलीतून कॅमेरा थेट दमट हवेत काढला की काचेवर बाष्प धरतं. निघण्याआधी अर्धा तास बंद बॅग बाहेर ठेवा. लेन्स पुसत बसू नका, बाष्प पुन्हा धरतं. घरी आल्यावर लेन्स सिलिका जेलच्या डब्यात गेली पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात बुरशी लागते.

केसांभोवती प्रभावळ

इथे मात्र पद्धतीची निवड महत्त्वाची आहे. झेरीन या जोडणीच्या सॉफ्टवेअरमधली डीमॅप किंवा हेलिकॉन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधली बी पद्धत रंग आणि पोत मऊसूत ठेवते, पण एकमेकांवरून जाणाऱ्या केसांपाशी गोंधळते. झेरीनची पीमॅक्स किंवा हेलिकॉनची सी पद्धत तेच केस नीट सोडवते, पण नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढवते. दोन्ही काढा. डीमॅपचं चित्र पायाला घ्या आणि फक्त केस, मिशा, पायांचे काटे पीमॅक्समधून त्यावर रंगवा. केसाळ माशीवर यात तास जातो, पण तो सार्थकी लागतो.

पार्श्वभूमीत ठिपक्यांची रांग

ती सेन्सरवरची धूळ. जुळवणी करताना प्रत्येक फ्रेम थोडी लहान-मोठी होते, त्यामुळे एकाच डागाची माळ तयार होते. जांभ्याच्या सड्यावर लाल धूळ बारीक असते, तिथे लेन्स बदलणं टाळा. डाग असलाच तर तो जोडणीआधी सगळ्या रॉ फ्रेमवर एकदम काढा. त्याच वेळी व्हाइट बॅलन्सही सगळ्यांना सारखा लावा, शार्पनिंग शून्याजवळ ठेवा आणि १६-बिट टिफ काढा. शार्पनिंग करायचं ते जोडलेल्या चित्रावर, अगदी शेवटी.