डिस्कची वाटणी: बांध कुठे घालायचा?

बेळगाव-निपाणीकडे जोडून घेतलेल्या डेस्कटॉपवर सी, डी, ई अशा वाटण्या बहुधा आयत्याच मिळतात. वर्षभरात सी भरून लाल होतो, ई मात्र ओस पडलेला. बांध घालणं सोपं, सरकवणं अवघड. म्हणून आधी एवढंच ठरवा: सिस्टिम पुन्हा टाकायची वेळ आली तर कशाला धक्का लागता कामा नये? तेवढंच वेगळं ठेवा.

डीटीपीचं काम असेल, कन्नडला नुडी आणि मराठीला श्री-लिपी ही टायपिंगची सॉफ्टवेअर लागत असतील, तर सोबत लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम) घेतलं तरी विंडोज ठेवावंच लागतं. 512 जीबीचा एसएसडी विंडोजमध्ये सुमारे 476 दिसतो. दुकानदाराने फसवलेलं नाही, मोजायची रीत वेगळी. त्यातले विंडोजला 150, लिनक्सच्या रूटला (खुद्द सिस्टिमची जागा) 60, होमला (आपल्या फायली आणि सेटिंग्जची जागा) 80 आणि उरलेली जागा कामाच्या फायलींसाठी एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे ती दोन्हीकडून उघडते. रूटला 30 पुरतात असं वाटतं, पण फ्लॅटपॅक आणि स्नॅप या लिनक्सच्या पद्धतींनी टाकलेली अ‍ॅप्स होममध्ये नव्हे, रूटमध्येच साठतात. स्वॅपला (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वेगळं पार्टिशन, म्हणजे वाटणी, नको, फाइल पुरते. हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं) हवं असेल तरच रॅमएवढं पार्टिशन करा.

सुरुवात बॅकअपने, तोही दुसऱ्या डिस्कवर. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर एनटीएफएसची जागा लिनक्समध्ये नुसती वाचता येते, लिहिता येत नाही. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी श्रिंक, म्हणजे लहान, करा. जागा भरपूर असूनही थोडीच सुटते? हायबरनेशन आणि पेजफाइलच्या (विंडोजचा स्वॅप) न हलणाऱ्या फायली आडव्या येतात. दोन्ही तात्पुरतं बंद करून, रीस्टार्ट करून पुन्हा बघा. सी नंतर वाढवायचा तर लगेच उजवीकडची जागाच रिकामी लागते. मध्ये रिकव्हरी पार्टिशन असलं की एक्स्टेंडचा (वाढवायचा) पर्याय फिका पडतो, दाबता येत नाही.

पार्टिशनची सुरुवात पुढे-मागे सरकवणं शक्यतो टाळाच, कारण त्यात सगळा डेटा उचलून नव्या जागी लिहावा लागतो. खानापूरकडे पावसाळ्यात मध्येच लाइट गेली तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे. यूपीएस नसेल तर हात लावू नका.

लिनक्स टाकताना 100 एमबीच्या आसपासचं ईएफआय पार्टिशन दिसेल, सिस्टिम सुरू करणाऱ्या फायली त्यातच असतात. ते वापरा, फॉरमॅट मात्र करू नका. केलंत तर विंडोज सुरूच होणार नाही. एमबीआर या वाटणीच्या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर प्रायमरी पार्टिशनं चारच होतात आणि 2 टीबीपलीकडची जागा वापरता येत नाही. तिथे विंडोज लेगसी मोडमध्ये (सुरू होण्याची जुनी पद्धत) असेल तर लिनक्स टाकायचा पेनड्राइव्हही त्याच मोडमध्ये बूट करा.