नायटा परत परत येतोय? मग हे करून बघा

जांघेत नाहीतर कमरेला गोल चट्टा, कडा लाल आणि मधे साफ, रात्री खाज सुटली की झोपेचं खोबरं. मेडिकलमधून ट्यूब आणली की चार दिवसात बरं वाटतं, आणि पंधरा दिवसांनी दुप्पट!

पहिलं काम, ट्यूबवर काय छापलंय ते वाचा. बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल दिसलं तर ते स्टेरॉइड, नायट्यावर नको. नायटा बुरशीमुळे होतो, लाली आणि खाज म्हणजे आपली इम्युनिटी त्या बुरशीशी भांडतेय, स्टेरॉइड त्या इम्युनिटीलाच गप्प करतं, म्हणून तुम्हाला बरं वाटतं आणि बुरशी आरामात पसरते, मग गोलात गोल उठतात आणि डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही.

तशीही ही लबाड बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात केराटिन नावाचं प्रोटीन खाऊन राहते, तिथे रक्त पोचत नाही त्यामुळे मार कमीच बसतो. म्हणून साधं अँटिफंगल, म्हणजे बुरशी मारणारं, क्रीम चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावायचं, आणि चट्टा गेला तरी पुढे दोन आठवडे.

मी टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाच्या गोळ्या महिनाभर खाल्ल्या, ढिम्म फरक नाही. आपल्याकडे हल्ली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशीची जात फार आहे, हे नाव 2020 मध्ये जपानी संशोधकांनी दिलं, भारत आणि नेपाळच्या पेशंटकडून मिळालेल्या बुरशीवरून. टर्बिनाफिन बुरशीचं एक एन्झाइम अडवतं, म्हणजे तिला पेशीच्या आवरणासाठी लागणारं एर्गोस्टेरॉल बनवता येत नाही, पण या जातीत बरेचदा त्या एन्झाइमच्या जीनमध्ये छोटासा बदल झालेला असतो आणि औषध तिथे नीट बसतच नाही. तेव्हा डोस मनाने वाढवू नका, स्किनवाल्याकडे जा, चट्टा खरवडून केओएच टेस्ट (मायक्रोस्कोपखाली बुरशी बघतात ती) करून घ्या. इट्राकोनाझोल या दुसऱ्या बुरशीवरच्या औषधाच्या कॅप्सूल दिल्या तर भरल्या पोटी घ्यायच्या, सोबत ॲसिडिटीची गोळी नको, आणि हार्ट, लिव्हरचा त्रास किंवा दुसरी औषधं चालू असतील तर आधीच सांगा.

आता कपडे. बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू गळालेल्या कातडीत महिनोन्महिने टिकतात, म्हणून टॉवेल, चड्ड्या, चादरी 60 डिग्रीच्या गरम पाण्यात धुवा, घरात ज्याला ज्याला झालंय त्या सगळ्यांनी एकदमच उपचार घ्या नाहीतर आज तुम्ही उद्या बायको. घट्ट जीन्स काही दिवस बंद. आणि कमरेचा करदोरा काढा, तो आंघोळीनंतर तासन् तास ओलाच असतो, आजी ओरडली तर सांगा बरं झाल्यावर नवीन बांधतो.