रिअल एल मिळणाऱ्या जुन्या पबविषयीचे अभिप्राय कसे वाचावेत

ब्रिटनमधील शहराच्या मध्यवस्तीतल्या एखाद्या जुन्या पबविषयीचे अभिप्राय वाचू लागलो, की एकाच बिअरला एक ग्राहक ‘अप्रतिम’ म्हणतो आणि दुसरा ‘कोमट, गॅस नसलेली’ म्हणतो. दोघेही प्रामाणिक असू शकतात. त्यामुळे ताऱ्यांची सरासरी पाहण्याआधी तक्रार बिअरच्या स्वभावाची आहे की पबच्या निष्काळजीपणाची, हे वेगळे करावे.

रिअल एल ही ब्रिटनमधील पारंपरिक पद्धतीची बिअर. पिंपात भरल्यानंतरही तिच्यात जिवंत यीस्ट असते आणि तिचे किण्वन तिथेच पूर्ण होते. बाहेरून कार्बन डायऑक्साइड न सोडता ती तळघरातून हातपंपाने वर ओढली जाते आणि साधारण ११ ते १३ अंश सेल्सिअस तापमानाला दिली जाते. बर्फासारख्या थंड, फसफसत्या लागर या बिअरची सवय असलेल्याला ती कोमट आणि गॅस नसलेली वाटणे स्वाभाविक आहे. अशा अभिप्रायावरून पबला दोष देऊ नये. फेसाचेही तसेच आहे: उत्तर इंग्लंडमध्ये पंपाच्या तोटीला बारीक छिद्रांची चकती लावून दाट फेस आणतात, तर दक्षिणेत बहुधा तो विरळच आवडतो.

‘व्हिनेगरसारखी आंबट’ हा शब्दप्रयोग दिसला, तर मात्र थांबावे. पिंप उघडल्यावर बिअर ओढली जाते तशी आत हवा शिरते आणि सुमारे तीन दिवसांनंतर चव उतरू लागते. फर्किन या नेहमीच्या पिंपात ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट बिअर असते (पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास). गिऱ्हाईक थोडे आणि पंप आठ-दहा असतील, तर ती वेळेत संपणार कशी? म्हणून ‘एलचे खूप प्रकार मिळतात’ या कौतुकाला मी फारसे महत्त्व देत नाही. तीनच पंप, पण सतत वर्दळ, असे वर्णन मला अधिक आश्वासक वाटते. आंबटपणाची तक्रार कोणत्या वाराची आहे हेही पाहावे, कारण गर्दीच्या शनिवारी मिळणारा पाइंट आणि ओस पडलेल्या मंगळवारी मिळणारा पाइंट यांत बरेच अंतर असू शकते.

गढूळपणाच्या बाबतीत घाईने निष्कर्ष काढू नये. बिअर नितळ करण्यासाठी माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ वापरण्याची जुनी पद्धत आहे. काही उत्पादक तो मुद्दाम टाळतात आणि त्यांची बिअर धूसरच असते. गढूळपणाबरोबर वास किंवा चवही बिघडल्याचे लिहिले असेल, तरच ती तक्रार गंभीर मानावी.

‘टेबलापाशी कोणी विचारायला आले नाही’ ही तक्रार सोडून द्यावी. अशा पबमध्ये काउंटरवर जाऊनच मागायचे असते. शेकोटीचे आणि गप्पांचे वर्णन खरे असते, पण त्यावरून तळघराची निगा कळत नाही. ती सांभाळणारा माणूस बदलला की बिअरही बदलते, म्हणून नवा चालक आल्याचा उल्लेख सापडल्यास त्याआधीचे अभिप्राय बाजूला ठेवावेत. याउलट ‘ग्लास परत नेला, कुरकूर न करता बदलून दिला’ एवढे एक वाक्य मला दहा स्तुतींपेक्षा मोलाचे वाटते.

पडताळणीसाठी १९७१ साली स्थापन झालेल्या ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ या ग्राहक संघटनेची वार्षिक ‘गुड बिअर गाइड’ पाहावी. या संघटनेचे सदस्य पबमधील बिअरच्या दर्जाला ० ते ५ गुण देतात.

स्वतः अभिप्राय लिहायचा असल्यास बिअरचे नाव, वार आणि वेळ नोंदवावी. चव बिघडलेली वाटली, तर आधी काउंटरवर तसे सांगावे आणि त्यावर काय उत्तर मिळाले, तेही अभिप्रायात लिहावे.